पहिले 18 मीटर टायरचे

चाळीसगावच्या एका तरुणाने विचारलंय: "माझ्याकडे मॅन्युअल गिअरबॉक्सची बीएमडब्ल्यू एम-टू आहे. हिवाळ्यात धावपट्टीवरच्या एका ड्रॅग मीटला, म्हणजे जागेवरून सुटून सरळ 402 मीटर पळायच्या शर्यतीला, गेलो होतो. सगळ्यात चांगला रन 13.4 सेकंद, 60 फुटांना 2.6, शेवटी स्पीड 181. साडेचार हजारांवर रेस धरून क्लच सोडला की मागची चाकं दुसऱ्या गिअरपर्यंत नुसती फिरतात. ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण चालू ठेवलं की गाडी जागीच बसते. रिमॅप करू की आणखी रुंद टायर टाकू?"

भाऊ, दोन्ही नको. रिमॅपला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवायला, तर आत्ता एक रुपया घालू नका. तुमच्या स्लिपवर, म्हणजे रननंतर मिळालेल्या वेळेच्या चिठ्ठीवर, जे तीन आकडे आहेत ते एकत्र वाचले की दुखणं कुठे आहे ते दिसतं.

शेवटचा स्पीड, 181, हा इंजिनचा आकडा. 402 मीटरच्या टोकाला गाडी किती वेगात आहे हे तिची ताकद आणि तिचं वजन यावर ठरतं, सुरुवात फसली तरी तो आकडा फारसा हलत नाही. सतराशे किलोची, 460 पीएसची गाडी 180 च्या पुढे गेली म्हणजे इंजिन काही राखून ठेवत नाही. एकूण वेळ आणि 60 फुटांची वेळ हे सुरुवातीचे आकडे. 60 फूट म्हणजे 18.3 मीटर. 181 चा स्पीड दाखवणारी तुमची गाडी साडेबारा सेकंदांच्या आसपास यायला हवी होती, ती आली 13.4 ला. ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की 60 फुटांत एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात, कारण पुढचा सगळा पल्ला गाडी त्या आघाडीवर धावते. रोडच्या चांगल्या टायरवर अशी गाडी 60 फूट 2.1 ते 2.2 मध्ये काढते. तुमचे 2.6 झाले. म्हणजे चार-पाच दशांश तिथे सांडले आणि टोकाला पोचेपर्यंत त्यांचे आठ-नऊ झाले. हिशोब जुळतो. आता रिमॅप करून ताकद वाढवली तर शेवटचा स्पीड वाढेल आणि 60 फूट 2.6 चे 2.7 होतील.

म्हणून या उत्तरात मी फक्त पहिल्या 18 मीटरचं सांगणार आहे. माझं गॅरेज जळगावला एमआयडीसीत आहे, तीस वर्षं मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांखाली झोपून काम करतोय, आणि ड्रॅगला गेलेल्या पोरांच्या गाड्या सोमवारी माझ्याकडेच येतात. त्यात इंजिन फसलेलं मी क्वचित पाहिलं. जळलेल्या क्लच प्लेटा, शाफ्टचे सैल झालेले क्रॉस (सांधे), तासलेले टायर मात्र प्रत्येक हंगामात पाहतो.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी सुटताना काय होतं, हे खान्देशात वेगळं शिकवायला नको. सावदा-रावेरकडे केळीने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढावर नाक उचलतो ते आपण लहानपणापासून बघतो. पुढची चाकं हलकी, मागची जड. गाडीचंही तसंच होतं, फक्त नाक इतकं उचललेलं दिसत नाही. किती वजन मागे सरकतं ते मोजता येतं: गाडीचं वजन गुणिले वेगवाढ, गुणिले वजनाच्या मध्यबिंदूची जमिनीपासून उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. तुमची गाडी आणि तुम्ही मिळून 1780 किलो धरू. उंची साधारण अर्धा मीटर, चाकांमधलं अंतर पावणेतीन मीटर. गाडी 0.6 जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहा-दशांश वेगवाढीने, सुटली तर सुमारे 190 किलो पुढून मागे जातं. उभ्या गाडीत मागच्या दोन टायरवर मिळून 850 किलोच्या आसपास असतं, ते साडेदहाशेच्या घरात जातं. चांगल्या कोरड्या डांबरावर रोडचा टायर त्याच्यावर जेवढं वजन असेल साधारण तेवढीच ओढ सहन करतो. म्हणजे तुमचे मागचे टायर जास्तीत जास्त हजार-साडेदहाशे किलोची ओढ पेलतात.

आणि इंजिन किती देतंय? 550 न्यूटन मीटर टॉर्क पहिल्या गिअरमधून आणि डिफरन्शियलमधून जाताना दहापटीहून जास्त होतो. दहाच पट धरू. तो 34 सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकातून रस्त्यावर आला की सोळाशे किलोच्या वर ओढ होते. टायरची ऐपत हजाराची, मागणी सोळाशेची. म्हणून पहिल्या सेकंदात पाय पूर्ण दाबून काहीच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट या हिशोबात आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते 190 किलो वजन गाडी सुटल्यावर मागे जातं, सुटण्याआधी नाही. स्प्रिंग दबायला, टायर बसायला वेळ लागतो, अर्धा सेकंद तरी धरा. क्लच एकदम सोडला तर वजन पोचण्याआधी ताकद पोचते. टायर 850 किलोवर असतानाच सुटतो, म्हणजे पकड सोडून नुसता फिरतो, आणि एकदा सुटलेल्या टायरची पकड बसलेल्या टायरपेक्षा कमी असते. मग वेगवाढच होत नाही, म्हणून वजन मागे जात नाही, म्हणून टायर बसत नाही. दुसऱ्या गिअरपर्यंत चाकं फिरत राहतात ती याच फेऱ्यात अडकून.

हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही. आमची जीप होती, पावसाळ्यात शेतातून रस्त्यावर काढायची. काळी जमीन, वर कापसाच्या गोण्या. मी पंधरा वर्षांचा असेन. चाक फिरलं की मी घाबरून रेस वाढवायचो, आणि चाक स्वतःसाठी खड्डा खोदत एक्सलपर्यंत खाली जायचं. वडील बाजूला उभे राहून एवढंच म्हणायचे, "हळू सोड रे भो, रेस नको वाढवू, क्लच धर." अर्ध्या क्लचवर, इंजिन नुसतं गुणगुणत असताना, चाक चिखलाला धरायचं आणि जीप निघायची. काळ्या चिखलात पकड फारच कमी म्हणून चूक लगेच दिसते. धावपट्टीवर तीच चूक धुरात लपते, आणि आजूबाजूचे टाळ्या वाजवतात म्हणून ती चूक वाटतही नाही.

टायर अजिबात फिरू नये असंही नाही. रोडच्या टायरची पकड सर्वात जास्त असते तेव्हा चाक जमिनीपेक्षा साधारण दहा-पंधरा टक्के जोरात फिरत असतं. कानाला हे कळतं. चांगल्या लाँचला, म्हणजे गाडी जागेवरून नीट सुटली की, टायरचा आवाज जड, घशातल्यासारखा येतो, गुरगुर. किंचाळी ऐकू आली की टायर गेला. पोरांना मी सांगतो, रनचा व्हिडिओ काढायचा असेल तर गाडीच्या मागून काढा आणि नंतर डोळे मिटून ऐका.

आता क्लचकडे येऊ, कारण मॅन्युअल गाडीत सगळा खेळ डाव्या पायाचा आहे.

साडेचार हजार आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये तुमच्या गाडीचा वेग पस्तीस-चाळीस किलोमीटर असतो. क्लच सोडलात त्या क्षणी तुम्ही उभ्या गाडीच्या चाकांना सांगताय की आत्ताच्या आत्ता चाळीसने फिरा. ती फिरतात. त्यांचा काही दोष नाही. पावणेतीन-तीन हजारांपासून सुरुवात करा. या इंजिनला पूर्ण टॉर्क तिथेच मिळतो, त्यावर जाऊन सुरुवातीला काही हाती लागत नाही.

सीट नेहमीपेक्षा एक खाच पुढे घ्या, क्लच तळाला टेकल्यावरही गुडघ्यात वाक राहिला पाहिजे. पाय ताणलेला असेल तर तो फक्त दोनच गोष्टी करू शकतो, दाबणं आणि सोडणं. बूट पातळ तळाचे घाला. जाड तळाच्या स्पोर्ट शूजमध्ये क्लच कुठे धरतो ते कळत नाही. मग पेडल वर येऊ द्या, जिथे प्लेट नुसती टेकते आणि गाडी अंग हलवते तिथपर्यंत. ती जागा पायाच्या चवड्याने पाठ झाली पाहिजे, डोळे मिटून सापडली पाहिजे. लाँचच्या वेळी पेडल त्या जागेपर्यंत पटकन आणायचं आणि तिथे थांबायचं. पूर्ण सोडायचं नाही. साधारण एक सेकंद ते तिथेच, फार तर बोटभर वर, आणि त्या सेकंदात उजवा पाय हळूहळू रेस वाढवत नेणार. आरपीएमचा काटा अडीच हजारांच्या खाली पडू द्यायचा नाही आणि साडेतीन हजारांच्या वर उडू द्यायचा नाही. गाडी पंचविशीच्या वेगाला आली की चाक आणि इंजिन एकमेकांच्या बरोबरीला आलेले असतात, तेव्हा क्लच पूर्ण सोडा. धक्का लागणार नाही. मग रेस पुढे वाढवत न्या, पण पहिला गिअर संपत येईपर्यंत पाय तळाला टेकला पाहिजे असा हट्ट धरू नका.

काटा खाली पडला आणि गाडी बसली तर पुढच्या रनला दोनशे आरपीएम वाढवा. चाक किंचाळलं तर दोनशे कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. एका रनला आरपीएमही बदलला, हवाही बदलली आणि क्लचही वेगळा सोडला तर स्लिपवर काय सुधारलं ते कोणाला सांगता येणार?

चाक सुटलंच तर रेस एकदम सोडू नका. हे प्रत्येक जण करतो. रेस सोडली की मागे गेलेलं वजन धाडकन पुढे येतं आणि मागचा टायर आणखी हलका होतो. पाव पाय मागे घ्या, चाक धरेपर्यंत थांबा, मग पुन्हा द्या. मागचा भाग बाजूला सरकू लागला, किंवा स्टिअरिंग सरळ असून गाडी तिरकी चालली, तर मात्र रन तिथेच सोडा. हळूहळू पाय काढा आणि गाडी सरळ करा. बाजूच्या लेनमध्ये दुसरं माणूस आहे.

ट्रॅक्शन कंट्रोलबद्दल. पूर्ण चालू ठेवलं की ते टायर जरा फिरला की इंजिनचा गळा धरतं, टर्बोचा दाब पडतो आणि गाडी बसते, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण त्यावर उपाय एकदम बंद करणं हा नाही. तुमच्या गाडीत एम ट्रॅक्शन कंट्रोलच्या दहा पायऱ्या आहेत. मधल्या पायरीपासून सुरू करा, पाय सुधारत जाईल तसं एकेक पायरी कमी करा. त्याचा दिवा किती वेळा लुकलुकतो तेही बघा. दिवा शांत राहिला आणि 60 फुटांची वेळ कमी झाली, तर पाय शिकला.

क्लच एकदम सोडण्याचा एक तोटा वेळेपेक्षा महाग पडतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे 1.8 पेट्रोल इंजिनची काँटेसा होती. मागे सरळ एक्सल आणि पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. ताकद आजच्या हिशोबाने काहीच नाही, पण मी ती पाच हजारांवर नेऊन क्लचवरून पाय बाजूला काढला. मागचा एक्सल नाचू लागला. टायर धरतो, पाटा पीळ खातो, टायर सुटतो, पाटा उलगडतो, पुन्हा धरतो, असं सेकंदाला कितीतरी वेळा. आत बसून असं वाटतं की कोणी डिकीत घणाचे घाव घालतंय. मी रेस सोडली नाही. तिसऱ्या-चौथ्या घावाला प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस तुटला, शाफ्टने खालून फरशी फाडली. तो शाफ्ट जरा पुढच्या बाजूला सुटला असता तर माझा पाय तिथेच होता. ती फाटलेली फरशी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुमच्या गाडीत पाटे नाहीत, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, तरी नाच तोच, फक्त पाट्याच्या जागी रबर बुश पीळ खातात आणि मार एक्सल शाफ्टला व डिफरन्शियलच्या माउंटला बसतो. पहिला घाव ऐकला की रन संपला असं समजा. एक रन गेल्याचं दुःख करायचं नाही.

आता टायरची हवा. रोडवर तुम्ही 35 पॉइंटच्या (पीएसआय) आसपास ठेवत असाल. मागच्या दोन टायरांत 29-30 पर्यंत या, मग प्रत्येक दोन रनला एक पॉइंट कमी करत 27 पर्यंत. त्याखाली जाऊ नका. तुमचे मागचे टायर 285/30 आर 20 आहेत, भिंत फक्त साडेआठ सेंटिमीटर. अशा टायरची हवा फार कमी केली की मधला भाग उचलतो आणि कडा तेवढ्या टेकतात, पकड वाढण्याऐवजी घटते. अमेरिकेतले लोक 16-18 हवा ठेवतात ते वाचून पोरं तसं करायला जातात, पण ते ड्रॅग रेडियल असतात, जाड मऊ भिंतीचे. पुढच्या टायरांत उलट दोन-तीन पॉइंट जास्त चालतील, गाडी हलकी लोळते.

हवा मोजायचं यंत्र स्वतःचं घ्या आणि दर रनआधी मोजा. आपल्याकडच्या उन्हात हे विशेष महत्त्वाचं आहे. साधारण साडेपाच अंश तापमान वाढलं की टायरची हवा एक पॉइंट वाढते. सकाळी 18 अंशांत 28 भरलेली हवा दुपारी 34 अंशांत, गाडी नुसती उभी असताना, 31 च्या जवळ जाते. त्यात एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असेल तर डावा-उजवा टायर वेगळा वागतो आणि गाडी सुटताना तिरकी ओढते. टायर तापायला हवेत, पण दोन्ही सारखे.

बर्नआउट, म्हणजे गाडी उभी ठेवून चाक फिरवत धूर काढणं, बघायला सगळ्यांना आवडतो. रोडच्या टायरला तो जवळपास नकोच. लागलेली धूळ आणि खडे निघावेत म्हणून दोन-तीन सेकंद चाक फिरवा, बस. जास्त तापला की त्यातलं तेल वर येतं आणि टायर साबणासारखा होतो. पाणी टाकलेली जागा असेल तर तिला वळसा घालून जा. खाचांच्या टायरमध्ये पाणी अडकतं, चाकाच्या कमानीला उडतं आणि तुम्ही रेषेवर उभे असताना नेमकं टायरपुढे ठिबकतं.

जागाही बघा. आपल्याकडच्या बहुतेक ड्रॅग मीट विमानाच्या धावपट्टीवर होतात, लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणारी व्हॅली रन हे त्यातलं ठळक नाव. धावपट्टीवर परदेशातल्या ड्रॅग स्ट्रिपसारखं चिकट रसायन फवारलेलं असेलच असं नाही. रन सुरू होण्याआधी रेषेपासून वीस मीटर पायी चालून या. दिवसभरात आधीच्या गाड्यांनी रबराच्या दोन काळ्या पट्ट्या सोडलेल्या असतात, तुमची मागची चाकं त्यांवर आली पाहिजेत. बुटाचा तळ घासून बघा, कुठे चिकटतो, कुठे धुळीवर घसरतो. वाऱ्याने पट्ट्यांवर माती आली असेल तर ती झाडून घ्या म्हणून आयोजकांना सांगायला लाजू नका.

दिव्यांचा खांब, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, तो अमेरिकेत 1963 पासून वापरात आहे आणि त्याचं कामकाज नीट समजून घेतलं तर फुकटची वेळ मिळते. तुमची वेळ दिवा हिरवा झाल्यावर सुरू होत नाही, पुढचं चाक रेषेवर आडव्या सोडलेल्या प्रकाशाच्या किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होते. म्हणजे हिरव्या दिव्यावर तुम्ही दोन सेकंद झोपलात तरी स्लिपवरचा 13.4 तसाच राहतो. शेजारच्याशी शर्यत असेल तर भाग वेगळा, पण वेळ सुधारायला गेला असाल तर दिव्याशी घाई करू नका. सावकाश, पाय जागेवर आला की निघा. दुसरं, रेषेवर येताना पहिला दिवा लागल्यावर इंचाइंचाने पुढे सरका आणि दुसरा दिवा जेमतेम लागला तिथे थांबा. चाक किरणाच्या अलीकडच्या कडेला राहतं, घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला वीस-तीस सेंटिमीटर पळायला मिळतात. पुढे सरकून खोल उभे राहिलात तर तेवढे गेले.

सुटण्याआधी गाडीतली ढिलाई काढून घ्या. बैलगाडी हाकणारा आधी बैलांना पुढे रेलू देतो, जोत ताणलं की मग हाक मारतो. तसंच पिवळे दिवे लागायला लागले की क्लच अगदी टेकण्यापर्यंत आणा, गिअर, शाफ्ट आणि एक्सलमधली सगळी मोकळी जागा एका बाजूला बसते. गाडी सरकू देऊ नका, नुसतं अंग ताणू द्या. मग लाँचचा धक्का निम्मा होतो.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फार बोलण्यासारखं नाही. लाल रेषेला टेकायच्या जरा आधी बदला, रेस पूर्ण सोडू नका आणि दुसरा गिअर टाकल्यावर क्लच पुन्हा धाडकन सोडू नका. तिथेही चाक फिरतं.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी दोन ओळी, कारण 2016 साली आपल्याकडे आलेली मस्टँग जीटी ऑटोमॅटिकच होती आणि तिचेही प्रश्न येतात. डावा पाय ब्रेकवर, उजव्याने रेस पंधराशे ते दोन हजारांपर्यंत, मग ब्रेक सोडून अर्ध्या सेकंदात रेस दाबत न्यायची. ब्रेकवर गाडी दोन-तीन सेकंदांहून जास्त ताणून धरू नका, गिअरबॉक्सचं तेल तापतं.

गाडी हलकी करा, पण शहाणपणाने. डिकीतला पसारा काढा. पकड वाढेल म्हणून वाळूची पोती भरणारे मी पाहिले आहेत, ते वजन पुढचे चारशे मीटर ओढावं लागतं आणि ब्रेक लागताना ते मोकळं असेल तर जीवाशी खेळ. टाकी अगदी तळाला नेऊ नका, गाडी सुटताना पेट्रोल मागे सरकतं आणि पंप हवा ओढतो. पाव टाकी ठेवा. दोन रनमध्ये पंधरा-वीस मिनिटं बॉनेट उघडून थांबा. टर्बो गाडीचा इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी, तापला की ताकद पडते, आणि आपल्या भागातल्या 42 अंशांच्या हवेत 20 अंशांच्या हवेपेक्षा सात टक्के कमी दम असतो, ते वेगळंच. क्लचचा जळका वास आला तर वीस मिनिटांऐवजी चाळीस थांबा.

सराव कुठे करायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायचंच आहे. बायपासवर करायचा नाही. रात्री दोन वाजताही नाही. जळगाव-धुळे रस्त्यावर रात्री कापसाच्या, केळीच्या गाड्या असतात, दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात, रस्ता ओलांडणारी जनावरं असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं, पण मला दंडाची भीती घालायची नाही. माझ्या गॅरेजमध्ये पत्र्याचा गोळा होऊन आलेल्या गाड्या मी उघडल्या आहेत, त्यांचे मालक मला ओळखीचे होते.

डावा पाय शिकवायला वेग लागतच नाही. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची आवारं रिकामी होतात, काँक्रीटचं मोठं सपाट अंगण असतं. एखाद्या ओळखीच्या मालकाची परवानगी घ्या. तिथे लाँच मारायचे नाहीत. पहिला गिअर, रेस अजिबात नाही, नुसत्या क्लचने गाडी चालण्याच्या वेगाने सुरू करा आणि थांबवा, पन्नास वेळा. मग डोळ्यांनी आरपीएमच्या काट्याकडे बघत पंधराशेवर तसंच, काटा शंभराहून जास्त न हलता. दहा-दहा वेळा करून क्लचला थंड होऊ द्या. चार रविवार हे केलंत तर पाय आपोआप त्या जागी थांबायला शिकतो. खरा लाँच फक्त मीटला, जिथे बाजूला ॲम्ब्युलन्स उभी आहे आणि डोक्यावर हेल्मेट आहे.

पुढच्या मीटला पहिला रन वेळेसाठी करू नका. अडीच हजारांवर, एम ट्रॅक्शन कंट्रोल मधल्या पायरीवर, नुसता सरळ आणि स्वच्छ काढा. स्लिप घ्या, वहीत हवा, आरपीएम, तापमान आणि 60 फुटांची वेळ लिहा. एकूण वेळेकडे त्या दिवशी बघूच नका. दिवसभरात सहा-सात रन मिळतील, त्यांत 2.6 वरून 2.3 पर्यंत आलात तरी पुष्कळ झालं. 2.2 च्या आत तीन रन सलग आले की ती वही घेऊन जळगावला या. मग टायरचं बोलू, रुंदीचं नाही, मऊपणाचं. रिमॅपचं त्यानंतर.

आणि परत निघताना मागच्या टायरांत हवा पुन्हा 35 भरा, मैदानातून बाहेर पडायच्या आधी. अँबी व्हॅलीसारख्या ठिकाणाहून चाळीसगावपर्यंत 27 हवेवर चारशेच्या आसपास किलोमीटर, त्यात शेवटी घाट, एवढ्या पातळ भिंतीचा टायर सहन करत नाही. एकाच्या गाडीचा टायर अजिंठ्याच्या घाटात आतून फाटला होता, वरून काही दिसत नव्हतं. टायर उतरवला तेव्हा भिंतीतलं रबर चुऱ्यासारखं हातात आलं.